ठिणगी ते स्थाननिश्चिती : अतिविस्तृत पट्ट्याच्या बिनतारी तंत्रज्ञानाचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांच्या सरळ मालिकेच्या रूपाने सांगितला जातो. एका शोधातून दुसरा शोध निघतो, जुने साधन मागे पडते आणि नवे त्याची जागा घेते, अशी ही मांडणी असते. पाठ्यपुस्तकांना ती सोयीची असली, तरी प्रत्यक्ष इतिहास तिच्यात मावत नाही. काही तंत्रे त्याज्य ठरून कायद्याने बंद केली जातात आणि कित्येक दशकांनंतर वेगळ्या रूपात परत येतात. काहींचा जन्म एका हेतूने होतो आणि ती उपयोगी पडतात भलत्याच कामासाठी. 'अल्ट्रा-वाइडबँड' किंवा संक्षेपाने 'यूडब्ल्यूबी' या नावाने ओळखले जाणारे अतिविस्तृत पट्ट्याचे बिनतारी तंत्रज्ञान या दोन्ही गोष्टींचे ठळक उदाहरण आहे.

या तंत्रज्ञानाचे कार्यतत्त्व, त्याची ऐतिहासिक वाटचाल आणि त्याचे आजचे उपयोग यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. या वाटचालीला दिशा देण्यात संशोधकांच्या प्रतिभेइतकाच नियमांचा, मानकांसाठी झालेल्या वादांचा आणि बाजारपेठेचा वाटा आहे, हे दाखविणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे. रेडिओ लहरींचा वर्णपट ही सर्वांच्या मालकीची मर्यादित संपत्ती आहे. ती कोणी, किती आणि कोणत्या अटींवर वापरावी, हा प्रश्न या इतिहासात आरंभापासून अखेरपर्यंत उपस्थित आहे.

१. कार्यतत्त्व

नेहमीच्या रेडिओ प्रक्षेपणात एका ठरावीक वारंवारतेची अखंड वाहक लहर निर्माण केली जाते आणि तिच्यावर संदेश आरूढ केला जातो. प्रत्येक केंद्राला वर्णपटातील एक अरुंद पट्टा मिळतो. ग्राहक यंत्र त्या पट्ट्याशी मेळ साधते आणि बाकीचे सर्व गाळून टाकते.

अतिविस्तृत पट्ट्याच्या तंत्रात याच्या उलट मार्ग अवलंबिला जातो. येथे अत्यंत अल्पकाळ टिकणारे विद्युत् स्पंद प्रक्षेपित केले जातात. एका स्पंदाचा कालावधी एका नॅनोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आसपास असतो. स्पंद जितका अल्पकालीन, तितका त्याचा वारंवारतांचा विस्तार मोठा, हा गणितातील फूर्ये विश्लेषणाचा सर्वपरिचित निष्कर्ष आहे. त्यामुळे असा स्पंद शेकडो किंवा हजारो मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यावर पसरतो. त्याची ऊर्जा इतक्या मोठ्या पट्ट्यात विभागली गेल्याने प्रत्येक मेगाहर्ट्झच्या वाट्याला ती नगण्य प्रमाणात येते. अरुंद पट्ट्यावर काम करणाऱ्या शेजारच्या ग्राहक यंत्राला ती पार्श्वभूमीच्या खरखरीहून वेगळी जाणवत नाही.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या माहिती सिद्धांतात या पद्धतीचे सैद्धांतिक समर्थन आढळते. माध्यमाची संदेशवहन क्षमता पट्टारुंदीबरोबर सरळ प्रमाणात वाढते, तर संकेत आणि खरखर यांच्या गुणोत्तराबरोबर ती केवळ लॉगॅरिथमच्या गतीने वाढते. साहजिकच पट्टा पुरेसा रुंद असेल, तर अत्यल्प शक्तीवरही मोठ्या प्रमाणात माहिती पाठविता येते.

दुसरा लाभ अंतरमापनाचा आहे. प्रकाश आणि रेडिओ लहरी एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर अंतर कापतात. स्पंदाच्या आगमनाचा क्षण जितका अचूक टिपता येईल, तितके अंतर अचूक मोजता येते. बंद खोलीत लहरी भिंती, छत व सामान यांवर आदळून अनेक वाटांनी ग्राहकापर्यंत पोहोचतात. अरुंद पट्ट्याच्या संकेतात या सर्व प्रती एकमेकींत मिसळून जातात. अल्पकालीन स्पंदाच्या प्रती मात्र सुट्या राहतात आणि त्यांतील सर्वांत आधी आलेली, म्हणजे सरळ वाटेने आलेली प्रत ओळखता येते.

२. ठिणगीचे युग

१८८६ ते १८८८ या काळात हाइनरिख हर्ट्झ यांनी कार्ल्सरूअ येथे मॅक्सवेलच्या विद्युत् चुंबकीय सिद्धांताची प्रायोगिक सिद्धता दिली. त्यांचे प्रेषक यंत्र म्हणजे दोन गोलकांच्या फटीत उडणारी ठिणगी होती. ठिणगीतून निघणारी लहर अखंड नसते. ती एक झटक्यात उठून विरणारा स्पंद असते आणि म्हणून ती विस्तृत पट्ट्यावर पसरते. त्या दृष्टीने मानवाने हेतुपुरस्सर निर्माण केलेल्या पहिल्या रेडिओ लहरी आजच्या व्यापक अर्थाने विस्तृत पट्ट्याच्याच होत्या, असे म्हणता येईल.

या पहिल्या पर्वात भारताचा वाटा मोलाचा आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९४ ते १८९६ या काळात ठिणगीच्याच साहाय्याने काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि त्यांचे परावर्तन, अपवर्तन व ध्रुवण यांचा अभ्यास केला. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे कार्य सादर केले. त्यांच्या संशोधनाचा रोख लहरींचे गुणधर्म तपासण्याकडे होता, तर त्याच सुमारास मार्कोनी यांचा रोख दूरवर संदेश पोहोचविण्याकडे होता. १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील पोल्धू येथून निघालेला संकेत न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल येथे ऐकू आल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले. तो प्रयोगही ठिणगीच्याच प्रेषकावर आधारलेला होता.

परंतु या प्रेषकांच्या संख्येबरोबर त्यांच्यातील दोषही वाढू लागला. ठिणगीचा संकेत विस्तृत पट्ट्यावर पसरत असल्याने एकाच परिसरातील दोन केंद्रे एकमेकांचे संदेश बुडवीत. लॉज यांनी १८९७ मध्ये आणि मार्कोनी यांनी १९०० मध्ये मेळ साधणाऱ्या मंडलांची एकस्वे मिळविली. त्यांचा उद्देश संकेताचा पसारा आवरून त्याला एका पट्ट्यात बसविण्याचा होता. पुढे निर्वात नलिकांमुळे अखंड लहरी निर्माण करणे सुलभ झाले. एप्रिल १९१२ मधील टायटॅनिक दुर्घटनेनंतर अमेरिकेने त्याच वर्षी रेडिओ कायदा केला आणि प्रक्षेपणासाठी परवाना आवश्यक ठरविला. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ठिणगीचे प्रेषक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले.

या निर्णयांतून एक तत्त्व रूढ झाले. वर्णपट म्हणजे जणू जमीन, तिचे अरुंद तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकडा एकेका धारकाला द्यावा आणि त्याच्या हद्दीत इतरांना प्रवेश नसावा, असे ते तत्त्व होते. त्या काळच्या ग्राहक यंत्रांची मर्यादा लक्षात घेता ही व्यवस्था योग्यच होती. मात्र तात्कालिक तांत्रिक मर्यादेतून निघालेला नियम पुढे निसर्गनियमासारखा मानला गेला आणि विस्तृत पट्ट्याचे प्रक्षेपण म्हणजे उपद्रव, ही समजूत दृढ झाली.

३. प्रयोगशाळेतील पुनर्जन्म

१९६० च्या दशकात या तंत्राचे पुनरुज्जीवन झाले ते संदेशवहनासाठी नव्हे, तर मापनासाठी. सूक्ष्मतरंगांच्या मंडलांचे वर्तन अभ्यासण्यासाठी त्यांना अत्यल्प कालावधीचा धक्का द्यावा आणि त्यांचा प्रतिसाद पाहावा, ही काल-प्रांत विश्लेषणाची पद्धत या काळात विकसित झाली. असा प्रतिसाद टिपण्यासाठी लागणारा नमुनाग्राही दोलनदर्शक १९६० च्या दशकाच्या प्रारंभी उपलब्ध झाला आणि संशोधनाला गती मिळाली.

मंडलाला दिलेला धक्का जर आकाशकाला दिला, तर तो स्पंद अवकाशात प्रक्षेपित होईल, ही पुढची पायरी होती. अमेरिकेतील स्पेरी कंपनीत जेरल्ड रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने काम केले. रॉस यांचे स्पंदाधारित संदेशवहनाचे एकस्व एप्रिल १९७३ मध्ये मंजूर झाले आणि ते या क्षेत्रातील एक मूलभूत दस्तऐवज मानले जाते. हेनिंग हार्मुथ यांनी सैद्धांतिक बाजू मांडली. त्या काळी हे तंत्र 'बेसबँड', 'वाहकरहित' किंवा 'आवेग' रेडिओ अशा नावांनी ओळखले जाई. 'अल्ट्रा-वाइडबँड' ही संज्ञा १९८९ च्या सुमारास अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या वापरातून रूढ झाली.

संरक्षण खात्याला या तंत्रात रस असणे स्वाभाविक होते. खरखरीत दडलेला संकेत शत्रूला सहजी सापडत नाही, आणि कमी वारंवारतांचा समावेश असलेला विस्तृत स्पंद भिंत, माती व झाडोरा भेदून पलीकडच्या वस्तूंचा वेध घेऊ शकतो. यामुळे बरेचसे संशोधन गोपनीय राहिले. नागरी क्षेत्रात मुख्यतः भूमिभेदी रडार पुढे आले. १९७० च्या दशकापासून जमिनीखालील नळ, पोकळ्या, बर्फाची जाडी आणि पुरातत्त्वीय अवशेष यांचा उत्खननाशिवाय अंदाज घेण्यासाठी त्याचा वापर वाढत गेला. इतिहास व पुरातत्त्व यांच्या अभ्यासकांना या तंत्रज्ञानाचा परिचय बहुधा याच मार्गाने झालेला असतो.

१९९० च्या दशकात दोन घडामोडी महत्त्वाच्या ठरल्या. लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत थॉमस मॅकइवन यांनी अत्यल्प शक्तीवर चालणारे, अगदी कमी खर्चाचे आवेग रडार तयार केले. त्याचे मूळ लेझर प्रयोगांतील वेगवान संकेत टिपण्याच्या साधनात होते. दुसरीकडे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील रॉबर्ट शोल्ट्झ यांनी १९९३ मध्ये स्पंदांच्या वेळा सांकेतिक क्रमाने पुढेमागे सरकवून अनेक वापरकर्त्यांना एकच पट्टा वापरू देण्याची पद्धत मांडली. ठिणगीच्या युगातील मूळ तक्रारीचे हे उत्तर होते. त्या काळी दोन केंद्रे एकमेकांना बुडवीत, कारण त्यांना वेगळे ओळखण्याचे साधन केवळ वारंवारता हेच होते. आता ते काम काळ आणि संकेतक्रम यांच्या आधारे होऊ लागले.

४. नियमनाचा प्रश्न : १९९८ ते २००२

तंत्र सिद्ध झाले, तरी त्याचा वापर कायदेशीर नव्हता. शेकडो परवानाधारकांच्या पट्ट्यांवरून एकाच वेळी जाणाऱ्या संकेताला परवाना कोणी द्यायचा, हा प्रश्न होता. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९९८ मध्ये या विषयावर चौकशीची सूचना काढली आणि २००० मध्ये नियमांचा प्रस्ताव मांडला. त्यावर तीव्र वाद झाला. विमान वाहतूक क्षेत्र, भ्रमणध्वनी कंपन्या आणि जीपीएस सेवेशी संबंधित संस्थांनी आक्षेप नोंदविले. जीपीएसचा संकेत उपग्रहावरून येताना इतका क्षीण झालेला असतो, की खरखरीची पातळी किंचित वाढली तरी ग्राहक यंत्र निकामी ठरू शकते, हा त्यांचा मुद्दा निराधार नव्हता. विमानाच्या दिशादर्शनाचा, म्हणजे प्रवाशांच्या जीविताचा प्रश्न त्यात गुंतलेला होता.

१४ फेब्रुवारी २००२ रोजी आयोगाने आपला निर्णय स्वीकृत केला. त्यानुसार ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ या ७.५ गिगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात विनापरवाना वापरास अनुमती मिळाली. संकेताची रुंदी किमान ५०० मेगाहर्ट्झ किंवा मध्य वारंवारतेच्या किमान २० टक्के असावी, अशी व्याख्या करण्यात आली. प्रक्षेपित शक्तीवर प्रति मेगाहर्ट्झ उणे ४१.३ डीबीएम, म्हणजे सुमारे ७४ नॅनोवॉट इतकी मर्यादा घालण्यात आली. संपूर्ण पट्टा वापरला, तरी एकूण शक्ती अर्ध्या मिलिवॉटहून किंचितच अधिक भरते. जीपीएसच्या पट्ट्यासाठी मर्यादा याहून कितीतरी कडक होती.

ही मर्यादा कोठून आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. संगणकासारख्या उपकरणांतून अनवधानाने बाहेर पडणाऱ्या प्रारणाला त्या वारंवारतांवर जेवढी मुभा आधीपासून होती, तेवढीच या तंत्राला देण्यात आली. ज्या गळतीकडे आजवर दुर्लक्ष केले गेले, तेवढ्याच पातळीवर हेतुपुरस्सर संदेश पाठविण्यास हरकत नसावी, असा युक्तिवाद त्यामागे दिसतो. एकाच पट्ट्यावर धारक आणि पाहुणा एकत्र नांदू शकतात, हे यातून प्रथमच एवढ्या मोठ्या पट्ट्यासाठी मान्य झाले. जपानने २००६ मध्ये आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी २००७ मध्ये आपापल्या अटींसह अनुमती दिली.

५. मानकांचा वाद आणि पहिले अपयश

२००२ नंतर या तंत्राकडून मोठ्या अपेक्षा बाळगल्या गेल्या. संगणक, छपाईयंत्र, कॅमेरा आणि दूरचित्रवाणी संच यांना जोडणाऱ्या तारा नाहीशा होतील, असे सांगितले जात होते. २००५ मध्ये जाहीर झालेल्या 'वायरलेस यूएसबी'च्या मानकात तीन मीटर अंतरावर सेकंदाला ४८० मेगाबिट इतक्या वेगाचे उद्दिष्ट होते.

आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.१५.३ए या कार्यगटाकडे मानक निश्चितीचे काम होते. तेथे दोन तट पडले. इंटेल व टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांचा गट पट्ट्याचे अनेक उपपट्टे करून वापरण्याच्या बाजूचा होता, तर मोटोरोला व तिच्यातून वेगळी झालेली फ्रीस्केल यांचा गट स्पंदांच्या मूळ पद्धतीला अधिक जवळ असलेल्या पर्यायाचा पुरस्कर्ता होता. निर्णयासाठी ७५ टक्के मतांची आवश्यकता होती आणि तेवढे बहुमत कोणत्याही प्रस्तावाला टिकविता आले नाही. सुमारे तीन वर्षांच्या वादानंतर जानेवारी २००६ मध्ये कार्यगट विसर्जित करण्यात आला. दोन्ही तट आपापली उत्पादने घेऊन बाजारात उतरण्याच्या मागे लागले.

बाजाराने मात्र दोघांनाही नाकारले. आलेली साधने महाग होती आणि त्यांचा प्रत्यक्ष वेग अपेक्षेहून बराच कमी होता. दरम्यान वाय-फाय अधिक वेगवान झाले, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० मानकाने तारेचाच वेग सेकंदाला ५ गिगाबिटवर नेला. त्याच वर्षी इंटेलने या क्षेत्रातील आपले काम थांबविले. २००९ मध्ये वायमीडिया या उद्योगसंघटनेने आपले कार्य आवरते घेतले. पुष्कळांनी हे तंत्र संपले असाच निष्कर्ष काढला.

६. अंतरमापनाच्या मार्गाने पुनरागमन

त्याच काळात एक लहान व कमी गाजलेला प्रयत्न चालू होता. २००७ मध्ये संमत झालेल्या आयईईई ८०२.१५.४ए या मानकाने वेगाचा आग्रह सोडला आणि अंतराचे अचूक मापन हे उद्दिष्ट ठेवले. दोन उपकरणांनी परस्परांना स्पंद पाठवावेत आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर काढावे, ही त्यातील मूळ कल्पना होय.

कल्पना सोपी असली, तरी तिची अंमलबजावणी सोपी नाही. उत्तर देणारे उपकरण उत्तरापूर्वी एक मिलिसेकंद थांबले आणि त्याच्या घड्याळात दशलक्षात २० भाग एवढीच चूक असली, तरी अंतराच्या मापनात सुमारे तीन मीटरची चूक येते. ही चूक टाळण्यासाठी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने मापन करून घड्याळांतील फरक वजा करण्याची पद्धत वापरली जाते. तिच्यामुळे सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंतची अचूकता साधता येते. डब्लिन येथील डेकावेव्ह कंपनीने हे सर्व एका लहान चिपमध्ये आणले. कारखान्यांत अवजारे व वाहने यांचा माग ठेवणे, गोदामांतील व्यवस्थापन, अशा कामांसाठी तिचा वापर होऊ लागला. अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय साखळीत २०१४ पासून खेळाडूंच्या पोशाखातील पट्टिकांद्वारे त्यांच्या हालचाली नोंदविल्या जाऊ लागल्या.

सर्वसामान्यांच्या हाती हे तंत्र आले ते सप्टेंबर २०१९ मध्ये. अ‍ॅपलने आयफोन ११ मध्ये यू१ नावाची चिप बसविली. एप्रिल २०२१ मध्ये हरवलेल्या वस्तू शोधण्यासाठी एअरटॅग आले. त्यात दूरचा ठावठिकाणा ब्लूटूथच्या जाळ्यातून कळतो, तर जवळ आल्यावर दिशा व अंतर दाखविण्याचे काम यूडब्ल्यूबी करते. मोटारगाड्यांच्या किल्ल्यांतील वापर अधिक महत्त्वाचा आहे. बिनस्पर्श किल्ली जवळ आहे की नाही हे केवळ संकेताच्या तीव्रतेवरून ठरविले जाई, तेव्हा चोरटे घरातील किल्लीचा संकेत उपकरणांद्वारे गाडीपर्यंत पोहोचवीत. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ उत्पादकांच्या दहा गाड्यांवर हा हल्ला करून दाखविला होता. संकेत वाढविता येतो, परंतु प्रकाशाच्या वेगाहून अधिक वेगाने तो पोहोचविता येत नाही. म्हणून उड्डाणकाळ मोजणारी किल्ली अशा फसवणुकीला बळी पडत नाही. २०२० च्या ८०२.१५.४झेड या सुधारणेने स्पंदांचा क्रम गुप्त ठेवण्याची सोय केली आणि २०२१ मध्ये मोटार उद्योगाच्या डिजिटल किल्लीच्या मानकात तिचा समावेश झाला.

तथापि कोणतेही कुलूप अभेद्य नसते. २०२२ मध्ये संशोधकांनी स्वस्तातील एका उपकरणाच्या साहाय्याने बारा मीटरचे प्रत्यक्ष अंतर शून्य मीटर असल्याचे भासविले. यशाचे प्रमाण कमाल चार टक्के होते, परंतु निसर्गनियमावर आधारलेली सुरक्षाही तिच्या अंमलबजावणीइतकीच पक्की असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

७. दोन उरलेले प्रश्न

पहिला प्रश्न सहअस्तित्वाचा आहे. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ५.९२५ ते ७.१२५ गिगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वाय-फायसाठी खुला केला. यूडब्ल्यूबीच्या नेहमीच्या वापरातील एक वाहिनी, ६.५ गिगाहर्ट्झच्या जवळची, याच पट्ट्यात येते. २००२ मध्ये ज्याच्यामुळे इतरांना बाधा होईल अशी भीती होती, त्यालाच आता अधिक शक्तिमान शेजाऱ्याची बाधा होऊ लागली आहे. पाहुण्याला कायद्याचे संरक्षण नसते, हे विनापरवाना व्यवस्थेचे दुसरे अंग येथे दिसते.

दुसरा प्रश्न व्यक्तीच्या खासगीपणाचा आहे. वस्तूचा माग काढणारे साधन ती वस्तू बाळगणाऱ्या माणसाचाही माग काढते. एअरटॅगचा वापर व्यक्तींच्या, विशेषतः स्त्रियांच्या, नकळत त्यांच्या पाठलागासाठी झाल्याच्या तक्रारी आल्यावर इशाऱ्याची व्यवस्था सुधारावी लागली, आणि मे २०२४ मध्ये अ‍ॅपल व गूगल यांनी दोन्ही प्रकारच्या फोनवर चालणारी समान इशारा व्यवस्था आणली. कारखान्यातील कामगाराच्या किंवा खेळाडूच्या प्रत्येक पावलाची नोंद कोणाच्या मालकीची, हा प्रश्न त्याहून व्यापक आहे. त्याचे उत्तर अभियांत्रिकीने एकटीने द्यावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. विधी, समाजशास्त्र आणि नीतिशास्त्र यांच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालणे आवश्यक आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा, की एखाद्या तंत्राचा त्याग हा नेहमीच त्याच्या अंगभूत दोषाचा पुरावा नसतो. ठिणगीचे प्रेषक बंद पडले, कारण त्या काळच्या ग्राहक यंत्रांना काळाच्या आधारे संकेत वेगळे करता येत नव्हते. ती मर्यादा दूर होताच मूळ कल्पना पुन्हा उपयोगी ठरली. दुसरा असा, की नियम हा तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा बाह्य घटक नसून त्याच्या जडणघडणीचा भाग असतो. ७४ नॅनोवॉटच्या मर्यादेने या तंत्राला दूर पल्ल्यापासून रोखले, आणि जवळच्या अंतरातच त्याने आपले खरे कार्य शोधले. तिसरा असा, की तंत्राचा उपयोग त्याच्या पुरस्कर्त्यांनी कल्पिलेला असेलच असे नाही. माहितीच्या वेगासाठी लढलेले दोन्ही पक्ष हरले आणि अंतर मोजण्याचा बाजूचा उपयोग टिकून राहिला.

विज्ञानाचा इतिहास शिकविताना यशस्वी शोधांच्या यादीबरोबर अशा फसलेल्या, थांबलेल्या आणि परतलेल्या वाटांचाही समावेश व्हावा, असे वाटते. त्यामुळे आजची व्यवस्था अपरिहार्य होती हा विद्यार्थ्यांचा समज दूर होईल आणि सार्वजनिक संपत्तीच्या वापराचे नियम कोणी व कशासाठी केले, असे विचारण्याची सवय त्यांना लागेल.